'या' न म्हणणारं घर

आमच्या धैर्यवान आडनावाच्या घराण्याची गिरगावात एक ख्याती आहे. माणसं शिकलेली, खाऊनपिऊन सुखी, पण शिष्ट. पुरावा काय, तर पाहुणा उठून 'येतो' म्हणाला तरी ही मंडळी 'या' म्हणत नाहीत, 'बरं' म्हणतात. माझ्या थोरल्या आत्याचं जमत आलेलं लग्न एवढ्यावरून फिसकटलं होतं. मुलाकडचे निघाले, आजोबांनी हात जोडून 'बरं' म्हटलं, आणि मुलाचा बाप जिना उतरताना सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "चला, यांना आपण परत यायला नकोय." आत्याला पुढे चांगलं स्थळ मिळालं, पण आजी शेवटपर्यंत म्हणायची की पहिला मुलगा दिसायला जास्त बरा होता.

वास्तविक हा नियम गिरगावच्या घराचा नव्हताच, तो आमच्या परळच्या घराचा. तिथली सवय इकडे आली एवढंच. माझी बायको नलू लग्न होऊन आली तेव्हा तिने हा प्रकार हसण्यावारी नेला आणि गिरगावात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ठणठणीत आवाजात 'या' म्हणू लागली. काही झालं नाही. पाहुणे तेवढे वाढले.

परळची जागा आमच्याकडे कशी आली ते सांगायला हवं. लालबागकडून परळकडे जाताना आता जिथे गिरण्यांची धुरांडी दिसतात, त्यांच्या मागे एक लहानसा उंचवटा आहे. त्यावर पूर्वी गोसाव्यांचा मठ होता. आमचा मूळपुरुष रामजी हा गोऱ्या साहेबाचा दुभाषा. साहेबाचं पान त्याच्यावाचून हलत नसे. मठात पुण्याच्या पेशव्यांची माणसं येतात-जातात, असा साहेबाला संशय आला. तो संशय साहेबाच्या कानात कोणी घातला, हे आमच्या घरात कधी कोणी विचारलं नाही. मठ खालसा झाला आणि जागा रामजीला इनाम मिळाली. ती सनद अजून आमच्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेली आहे. जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण यांसह दरोबस्त, म्हणजे सगळंच्या सगळं. लहानपणी पाहुण्यांपुढे मी ती घडाघडा म्हणून दाखवायचो आणि शाबासकी मिळवायचो.

ताबा घ्यायला रामजी गेला तेव्हा गोसावी शिव्याशाप देतील, चिमटे उगारतील, अशी सगळ्यांची अटकळ होती. शिपाई बरोबर नेले होते. पण कोणी ब्र काढला नाही. झोळ्या उचलून ते ओळीने बाहेर पडले. सगळ्यांत शेवटी महंत. उंबऱ्यावर तो वळला आणि शेजारच्या घरून निघालेला माणूस म्हणेल तसं म्हणाला, "येतो."

रामजी चांगल्या घरचा. हात जोडून म्हणाला, "या."

एवढीच गोष्ट. तेव्हापासून परळच्या घरात 'या' म्हणायचं नाही. मला ती कायम गमतीची वाटत आली. मी सॉलिसिटर आहे, आणि जे लिहिलेलं नाही ते न धरणं हा माझा धंदा आहे. सनदेत यातलं अक्षरही नाही. कायद्याने बघायचं तर 'या' म्हणजे फार तर तोंडी परवाना. त्याला मुदत घातलेली नाही, एवढीच काय ती रामजीची चूक. पक्षकारांना ही गोष्ट मी अशीच रंगवून सांगायचो आणि ते हसायचे.

सुमती माझी धाकटी बहीण. तिचे यजमान लवकर गेले आणि ती लहानग्या शशीला घेऊन माहेरी आली. वडिलांनी तिला परळचं घर राहायला दिलं आणि मृत्युपत्रात ते आम्हा दोघांच्या नावे केलं. शशिकांत तिथेच वाढला. गिरणगावातल्या पोरांत वाढल्यामुळे त्याचं बोलणं आमच्यासारखं नव्हतंच. "मामा, तुमच्या गिरगावात इंग्रज गेल्याचं सुतक अजून चालूच काय?" असं जेवताना विचारायचा आणि मी चिडलो की ताटातली मासळीची तुकडी माझ्या ताटात टाकायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तो अंगात आल्यासारखा शिरला होता. घराच्या कुंपणाच्या भिंतीवर त्याने स्वतः डांबराने लिहिलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. अक्षरं आधीच मोठी काढल्यामुळे 'पाहिजे'ला जागा उरली नाही आणि तो शब्द कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीवर गेला होता.

छप्पन्नच्या जानेवारीत फोर्टात गोळीबार झाला, त्यात शशी गेला. त्याला ओळखायला मी गेलो होतो. पायांत चपला नव्हत्या. पळापळीत कुठेतरी पडल्या असतील. एवढं मला आठवतं आणि बाकीचं आठवायचं नाही असं मी ठरवलं आहे.

त्यानंतर सुमती त्या घराबाहेर पडलीच नाही. बाजार नाही, देऊळ नाही, नलूच्या भावाच्या लग्नालासुद्धा आली नाही. मागच्या खोल्यांत एका गिरणीकामगाराचं बिऱ्हाड होतं. त्याची बायको लक्ष्मी तिला भाजी-मासळी आणून द्यायची, तेवढाच तिचा जगाशी संबंध. मला बहिणीची फार काळजी वाटत होती. आणि काळजी वाटली की मी कामाला लागतो. शेजारच्या गिरणीला गुदामासाठी आमची जागा हवी होती. घर विकायचं, सुमतीला गिरगावात आणायचं, चार माणसांत बसवायचं. तिची खोली नलूने तयारसुद्धा करून ठेवली. अडचण एकच होती, विक्रीला तिची सही लागणार होती आणि ती घर सोडायला तयार व्हायला हवी होती. पण माणसांना तयार करण्याचेच मला पैसे मिळतात, तेव्हा मला त्याची फिकीर नव्हती.

सत्तावन्नची दिवाळी झाल्यावर एका रविवारी मी ट्रामने परळला गेलो. हातात नलूने दिलेला कोबी-कोलंबीच्या भानोल्याचा डबा होता.

घर चांगलं धडधाकट होतं. रंग मीच वर्षापूर्वी लावून घेतला होता, फक्त कुंपणाच्या भिंतीला सुमतीने कुंचला लावू दिला नव्हता. रामजीच्या नातवाने हा बंगला मठाच्या जोत्यावरच उठवला, त्यामुळे पुढच्या दालनाची फरशी मठाच्या वेळची आणि भिंतीलगतचा काळ्या दगडाचा लांबलचक ओटाही मठाच्याच वेळचा. गोसावी त्या ओट्यावर बसत. पिढ्यान्‌पिढ्या बसून दगडाला गुळगुळीत खळगे पडले होते, ओळीने, एकाशेजारी एक. लहानपणी मी आणि सुमती त्यांत बसायला जायचो आणि वडील उठवायचे.

आत पाऊल टाकल्याबरोबर राखेचा वास आला. गोवऱ्या आणि राळ जळून गेल्यावर मागे राहतो तसा.

"चूल पुढे आणलीस की काय?" मी विचारलं.

"नाही." सुमती वेताच्या खुर्चीत ओट्याकडे तोंड करून बसली होती. "संध्याकाळी जास्त येतो."

गिरणीचं धुरांडं हाकेच्या अंतरावर होतं, तेव्हा वास त्याचाच असणार असं मी धरलं. डबा उघडला, तिला भानोलं खायला लावलं आणि विक्रीचा विषय काढला. ती भांडेल अशी माझी तयारी होती. ती शांतपणे म्हणाली, "मोजणी करून घे. सहीचं मग बघू." मी मनात म्हटलं, निम्मं काम झालं.

पुढच्या सोमवारी मोजणीला खरेदीदारांनी बुधाजी नावाचा माणूस पाठवला. नायगावला राहणारा, पन्नाशी उलटलेला, गालात तंबाखू आणि तोंडात सतत कुठलंतरी भजन. उंचवट्याच्या चारी बाजूंनी तो साखळी ओढत फिरला, घामाने डबडबला, मग दालनात येऊन पाणी प्यायला आणि टोपी घालत म्हणाला, "बराय सायेब, येतो."

सुमती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, पण त्या बघण्यात आमचे आजोबा होते, वडील होते, सगळं घराणं होतं. मला लहानपणासारखी तिची खोडी काढावीशी वाटली. शिवाय घर विकायला निघाल्यावर असल्या खुळांचा निकाल लावलेला बरा, असंही वाटलं. मी खणखणीत आवाजात म्हटलं, "या, या! अवश्य या!"

बुधाजी खूश होऊन गेला. सुमती आत गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी बुधाजी आला. टेप विसरली म्हणाला. टेप त्याच्या खिशातच होती. ओट्यावर जरा टेकला आणि गेला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा त्याने कारणही सांगितलं नाही. सुमतीने लक्ष्मीच्या नवऱ्याकरवी मला निरोप पाठवला, 'तुझा माणूस येऊन बसतो'. खरेदीदार जागेवर डोळा ठेवायला माणसं बसवत असतील तर त्यांना तंबी द्यायला हवी, म्हणून गुरुवारी मी कोर्टातून परस्पर परळला गेलो.

ऊन उतरलं होतं. गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेला होता आणि खाली रस्त्यावर सुटलेल्या पाळीच्या लोकांचा गलबला चालू होता. बुधाजी ओट्यावर बसलेला होता. टोपी गुडघ्यावर आणि तोंडात भजन नाही. ओट्याच्या अगदी कडेला, निम्मं अंग बाहेर, असा अवघडून बसला होता. एवढा लांबलचक ओटा मोकळा पडलेला असताना.

"बुधाजी, मोजणी झाली ना?"

"झाली सायेब."

"मग आज काय काढलंत?"

त्याने मान वर केली. चेहरा मातकट दिसत होता. "तुमीच या म्हनालात," तो म्हणाला.

"घरी जा. तब्येत बरी दिसत नाही तुमची."

तो उठला नाही. बोलताना त्याने पाय आणखी जवळ घेतले आणि कडेला थोडा सरकला, बाकावर शेजारी कोणी येऊन बसलं की आपण सरकतो तसा. मला चमत्कारिक वाटलं, पण दिवसभराच्या उन्हाने माणूस गळाठला असेल, असं म्हणून मी सुमतीला चहा टाकायला सांगायला आत गेलो. बाहेर आलो तेव्हा ओटा रिकामा होता. तो बसला होता तिथे दगडावर राखेचा पुसटसा पट्टा होता. बोट फिरवलं तर बोटाला राख लागली, आणि दगड कोमट होता.

जाताना मागच्या दाराशी लक्ष्मी धुणं काढत होती. मला बघून पदर सावरत म्हणाली, "भाऊनू, बाईंका हयसून घेवन जावा."

"तेच करतोय. का, काय झालं?"

"ओटो भरत इलो," ती म्हणाली आणि बादली उचलून आत गेली. ओटा कशाने भरत आला, हे विचारायला मी तिला पुन्हा हाक मारली, पण तिने दार लावून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खरेदीदारांच्या कचेरीत गेलो आणि बुधाजीची तक्रार केली. कारकून माझ्याकडे बघतच राहिला. "बुधाजी? वकीलसाहेब, बुधाजी बुधवारी सकाळी गेला. छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत आटोपलं. आम्ही सगळे नायगावला पोचवायला गेलो होतो."

मी म्हटलं, "अरेरे." माणसं वारांचा घोळ घालतात, हे मी कोर्टात रोज बघतो. एका साक्षीदाराच्या जबानीवर निकाल द्यायचा नसतो. हे मी स्वतःला ट्रामच्या थांब्यापर्यंत बजावत आलो आणि मग लक्षात आलं की गुरुवारचा साक्षीदार मी स्वतःच आहे. ती गोष्ट मी तिथेच सोडून दिली. विक्री लवकर उरकायची, एवढं मात्र मनाशी पक्कं केलं.

सुमतीला यातलं सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो. पण लक्ष्मीच्या नवऱ्याचे सोबती नायगावचे, त्यामुळे तिला आधीच कळलं होतं. ती घाबरून अंथरुणाला खिळली असेल, असं मला वाटत होतं. तिने केस विंचरले होते, धुवट लुगडं नेसली होती, आणि तिच्या तोंडावर जी टवटवी होती ती मी शशी गेल्यापासून पाहिली नव्हती. मला त्या टवटवीचीच भीती वाटली.

"भाऊ," ती म्हणाली, "म्हणजे गेलेलं माणूससुद्धा येतं."

"सुमे, काहीतरी घोटाळा आहे तो. कारकुनाने वार चुकवला असेल."

"त्या दिवशी शशी निघताना काय म्हणाला तुला माहीत आहे?" ती माझं ऐकतच नव्हती. "इथे दारात बसून चपला घालत होता. डाव्या चपलेचा अंगठा त्याने आदल्याच दिवशी शिवून आणला होता, काळ्या चामड्याला पांढरा दोरा. मी म्हटलं, निदान दोरा तरी काळा घ्यायचास. तो हसला. म्हणाला, 'आई, येतो गं.'"

माझी नजर उंबऱ्याकडे गेली.

"मी 'बरं' म्हटलं. आपल्या घरच्यासारखं. त्या दिवशी 'ये' म्हणायला काय झालं होतं मला? परळच्या सगळ्या आयांनी आपापल्या पोरांना 'ये' म्हटलं असेल."

"त्यांच्यातल्याही काहींची आली नाहीत, सुमे."

हे मी बोलायला नको होतं, पण खोटं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "त्यांची घरं मठावर बांधलेली नव्हती."

मला रडू आलं. कोर्टात भल्याभल्यांना गप्प करणारा मी, त्या रिकाम्या ओट्यासमोर बहिणीचा हात धरून लहान मुलासारखा रडलो. शशीसाठी मी तोवर रडलोच नव्हतो. सुमतीच माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "सही करते मी. पण माझं एक ऐक. ताबा द्यायच्या आदल्या दिवशी सामान आधी हलव आणि मला दुपारभर या घरात एकटीला राहू दे. दिवेलागणीला मला न्यायला ये."

सही मिळत असताना प्रश्न विचारणारा सॉलिसिटर मी नव्हे. आईने मुलाच्या घराचा निरोप घ्यावा, यात गैर काय होतं? मी तिथल्या तिथे हो म्हटलं. तिने सगळीकडे सह्या केल्या, वळणदार, एकही न चुकता. गिरगावात नलूने तिच्या खोलीत नवा पडदा लावला.

ठरल्या दिवशी सकाळी सामानाची लॉरी गेली. सुमतीने फक्त वेताची खुर्ची आणि एक समई मागे ठेवून घेतली. मी कचेरीत दिवसभर कामं उरकली आणि उन्हं गेल्यावर टॅक्सी करून परळला पोचलो. मन हलकं होतं. कितीतरी दिवसांनी मी टॅक्सीवाल्याशी निवडणुकीवर गप्पा मारल्या. गाडी कुंपणाच्या भिंतीशी थांबवली, कोपऱ्यावर वळलेल्या त्या 'पाहिजे'पाशी, आणि त्याला म्हटलं, "इंजिन चालू ठेव, बाईसाहेबांना घेऊन आलोच."

दार सताड उघडं होतं. राखेचा वास फाटकापर्यंत येत होता.

उंबऱ्याबाहेर चपलांचा एक जोड नीट लावून ठेवलेला होता. धुळीने भरलेला. डाव्या चपलेच्या अंगठ्याला पांढरा दोरा होता.

मी तिथेच उभा राहिलो.

सुमती आतून आली. उंबऱ्याच्या आत थांबली. घर पाहुण्यांनी भरलं की घरच्या बाईच्या तोंडावर जी लगबग आणि समाधान असतं, ते तिच्या तोंडावर होतं.

"आला," ती हळूच म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून आत पाहिलं. दालन रिकामं. कोपऱ्यात समई. तिच्या उजेडात लांबच लांब काळा ओटा, त्यावर कोणीही नाही.

"कुठे आहे?"

"त्यांच्यात बसलाय. शेवटी, कडेला. त्या बुधाजीच्या पलीकडे."

"सुमे, चल. टॅक्सी उभी आहे."

"मी 'ये' म्हटलं आणि आला. पण हे त्याच्या आधीपासून आलेले आहेत भाऊ. घर यांचं आहे." तिने मागे वळून पाहिलं. "तो बोलत नाही. त्यांच्यासारखा नुसता बसलाय. इतका अवघडून बसलाय रे. त्याला या लोकांत एकट्याला टाकून मी गिरगावात येऊन कशी राहू?"

"उद्या सकाळी गिरणीचे लोक ताब्याला येतील."

"येऊ देत."

मी उंबऱ्यावरून हात घालून तिचं मनगट धरलं. ते चांगलंच गरम होतं, धुनीशी बसून उठल्यासारखं. तिने माझी बोटं एकेक करून सोडवली. रागाने नाही. लहानपणी माझ्या मुठीतून गोट्या काढून घ्यायची, तशी.

आता जबरदस्ती करण्यात अर्थ नव्हता. सकाळी डॉक्टरांना आणायचं, नलूला आणायचं, समजावून न्यायचं. मी मनाशी सगळं ठरवलं. उद्याचं ठरलं की मला नेहमीच धीर येतो.

चपलांना पाय लागणार नाही अशा बेताने मी मागे सरलो.

"येतो, सुमे," मी म्हटलं.

बोलून गेल्यावर मला कळलं.

तिलाही कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. त्या घरात मी तिला पहिल्यांदाच घाबरलेली पाहत होतो, आणि ती माझ्यासाठी घाबरली होती.

"बरं!" ती घाईघाईने म्हणाली. जवळजवळ ओरडलीच. "बरं, भाऊ! बरं! बरं!"

तिच्या मागे, ओट्यावर, कापडाची सळसळ झाली. पलीकडच्या टोकापासून अलीकडे येत गेली. ओळीने बसलेल्या माणसांनी एकापाठोपाठ एक सरकून कोणाला तरी जागा करून द्यावी, तशी.

मग ती थांबली.

आतून एक म्हातारा आवाज आला. घरच्या वडीलमाणसाचा असावा तसा, सावकाश आणि आदबशीर.

"या."

मी चांगल्या घरचा. हात जोडले आणि मान डोलावली.